घरामागच्या तळ्यातला बास: प्लॅस्टिकच्या गांडुळाने गरवायला शिकताना

टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्लेनो, मॅकिनी भागात घर घेतलं की मागे-पुढे कुठेतरी एक तळं येतंच. कारंजं, बदकं, भोवती चालायची वाट आणि संध्याकाळी काठावर रॉड घेऊन उभी असलेली शाळकरी पोरं. ती पोरं बहुतेक वेळा लार्जमाउथ बास या माशाच्या मागे असतात आणि त्यांच्या दोरीच्या टोकाला बरेचदा एक जांभळं किंवा हिरवट रबरी गांडूळ लोंबत असतं.

हा लेख त्या पोरांच्या शेजारी जाऊन उभं राहावंसं वाटणाऱ्या मराठी माणसासाठी आहे. लहानपणी कोकणात खाडीवर गरवलं असेल तर हाताला थोडी सवय असेल, नसेल तरी बिघडत नाही. माझा सल्ला थोडका आहे. पहिला हंगामभर एकच गांडूळ वापरा, एकाच पद्धतीने लावा आणि वाटतं त्याच्या निम्म्या वेगाने ओढा. दुकानाच्या भिंतीवर टांगलेले शेकडो ल्युअर, म्हणजे नकली आमिषं, कुठे पळून जात नाहीत.

आधी मासा समजून घ्या. लार्जमाउथ बास हा खरं तर सनफिशच्या कुळातला. अंग हिरवट, बाजूवर काळसर पट्टा आणि जबडा इतका मोठा की तोंड मिटलेलं असताना त्याची मागची कड डोळ्याच्याही मागे जाते. हा मासा दबा धरणारा. पाण्यात पडलेलं झाड, बोटीच्या धक्क्याची सावली, गवताची कड, पाणी आत येण्याचा पाइप अशा आडोशाला थांबतो आणि समोरून काही गेलं की तोंड एकदम उघडून पाण्यासकट आत ओढतो. तो चावत नाही, शोषतो. आणि आत आलेली गोष्ट पटली नाही तर तेवढ्याच झटक्यात बाहेर फेकतो. गांडुळाने मासेमारी करण्याचं सगळं तंत्र या एका सवयीवर उभं आहे.

रबरी गांडूळ आलं ओहायोतल्या अॅक्रन शहरातून. निक क्रीम आणि त्याची बायको कॉस्मा यांनी १९४९मध्ये घरच्या स्वयंपाकघरात व्हिनाइल, तेल आणि रंग शिजवून, खऱ्या गांडुळावरून केलेल्या साच्यात ते ओतलं. पुढे हा धंदा टेक्सासमधल्या टायलर गावी आला. डॅलसपासून पूर्वेला गाडीने दीड-दोन तासांवर. धरणांच्या पाण्यात बुडालेल्या झाडांमध्ये उघडा हूक सारखा अडकायचा, म्हणून हुकाचं टोक गांडुळाच्या अंगातच लपवायची रीत याच राज्यात रुळली. तिलाच टेक्सास रिग म्हणतात. आपण तीच शिकणार आहोत.

परवाना आणि नियम

हे काम आधी उरकून टाका. टेक्सासमध्ये १७ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला मासेमारीचा परवाना लागतो, त्याहून लहान मुलांना नाही. परवाना टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या संकेतस्थळावर किंवा मासेमारीचं सामान विकणाऱ्या मोठ्या दुकानांत मिळतो. रहिवाशाच्या दरासाठी राज्यात सलग सहा महिने राहिलेलं असावं लागतं. नेहमीचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो, तेव्हा जुलैत उत्साहाच्या भरात घेऊ नका. सप्टेंबरपर्यंत थांबा किंवा खरेदीच्या तारखेपासून वर्षभर चालणारा प्रकार विचारून घ्या. तोवर हात साफ करायचा असेल तर स्टेट पार्कच्या काठावरून मासेमारीला परवाना लागत नाही आणि जूनच्या पहिल्या शनिवारी राज्यभर कुणालाच लागत नाही.

घरामागचं तळं सोसायटीचं असेल तर तिथले नियम सोसायटी ठरवते. काही ठिकाणी फक्त रहिवाशांना मुभा असते, काही ठिकाणी मासा परत सोडलाच पाहिजे. पाटी वाचा, शंका असेल तर ई-मेल टाका.

सार्वजनिक तलावांत लार्जमाउथसाठी राज्याचा सर्वसाधारण नियम म्हणजे किमान १४ इंच लांबी आणि दिवसाला पाच मासे. पण मोठ्या तलावांचे आपापले वेगळे नियम असतात. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास परत सोडावा लागतो आणि २४ इंच किंवा त्याहून मोठा दिवसाला एकच ठेवता येतो. उगाच नाही: राज्याचा विक्रमी बास, १८.१८ पौंडांचा, जानेवारी १९९२मध्ये याच तलावात मिळाला.

काय विकत घ्यायचं

रॉड साडेसहा ते सात फुटांचा, स्पिनिंग प्रकारचा. त्यावर मीडियम किंवा मीडियम हेवी आणि फास्ट असं लिहिलेलं बघा. फास्ट म्हणजे रॉड फक्त टोकाकडे वाकतो, खालचा भाग ताठ राहतो. हुकाचं टोक प्लॅस्टिकमधून बाहेर काढून माशाच्या जबड्यात रुतवायला हा ताठपणाच कामी येतो. रील २५०० किंवा ३००० आकाराचं. बेटकास्टर रील यूट्यूबवर रुबाबदार दिसतं, पण नवख्या हातात त्यावर दोरीचं घरटं होतं आणि अर्धी संध्याकाळ ते सोडवण्यात जाते. ते नंतर.

दोरी विणलेली, म्हणजे ब्रेड, १५ पौंडांची, म्हणजे तेवढा ताण सोसणारी. तिच्या टोकाला तीन-चार फूट फ्लुओरोकार्बनचा १२ पौंडी लीडर, म्हणजे हुकाकडचा वेगळ्या दोरीचा तुकडा. ब्रेड ताणली जात नाही, म्हणून तळावरची हालचाल हातापर्यंत पोचते. फ्लुओरोकार्बन पाण्यात कमी दिसतो आणि दगडा-लाकडावर घासला तरी लवकर तुटत नाही. दोन्ही जोडायला डबल युनी गाठ शिकावी लागते. एवढा खटाटोप नको असेल तर सरळ १० पौंडांची साधी मोनो, म्हणजे एकाच धाग्याची, दोरी भरा. ती ताणली जाते, पण सुरुवातीला चालून जाते.

हूक ऑफसेट प्रकारचा, ३/० आकाराचा. त्याच्या डोळ्याजवळ झेडसारखं वळण असतं, गांडुळाचं डोकं घसरू नये म्हणून. वजन बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं, बुलेट वेट, १/८ आणि ३/१६ औंसाचं. टंगस्टन महाग, पण त्याच वजनाला आकाराने लहान आणि कडक. तळाचा स्पर्श त्यातून जास्त स्वच्छ कळतो. तळ्यावर शिकताना शिशाने भागतं. मात्र न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स, व्हरमाँट अशा ईशान्येकडच्या राज्यांत राहत असाल तर लहान शिशांवर बंदी आहे. लून पक्षी ती गिळतात आणि विषबाधेने मरतात. तिकडे टंगस्टन किंवा पोलादच.

आणि गांडूळ. सहा ते सात इंचांचं, एक पाकीट सरळ शेपटीचं आणि एक वळणाऱ्या, रिबनसारख्या शेपटीचं. झूमचं ट्रिक वर्म, बर्कलीचं पॉवर वर्म, कल्प्रिटचं रिबन टेल, काहीही चालेल. रंगांवर लोक तासन् तास वाद घालतात. माझ्या मते दोन पुरेत: स्वच्छ पाण्याला ग्रीन पंपकिन, म्हणजे शेवाळी-तपकिरी, आणि गढूळ पाण्याला किंवा अंधाराला काळा-निळा किंवा जूनबग, म्हणजे गडद जांभळा. गढूळ पाण्यात माशाला रंग नाही, आकृती दिसते, आणि गडद वस्तूची आकृती ठळक उठते. उत्तर टेक्सासची बरीच तळी वाऱ्या-पावसाने गढूळच असतात, त्यामुळे जूनबगचं पाकीट आधी संपेल.

याखेरीज लांब चोचीची पक्कड, दोरी कापायला कात्री आणि टोपी. बस.

गांडूळ हुकावर चढवणं

इथे घाई करू नका. पहिल्यांदा घरी, जेवणाच्या टेबलावर करून बघा.

आधी दोरी बुलेट वेटमधून ओवा. निमुळतं टोक रॉडकडे, बोथट बाजू हुकाकडे. मग हूक बांधा. गाठ पालोमार. साधारण सहा इंच दोरी दुमडून दुहेरी करा आणि तो फास हुकाच्या डोळ्यातून पार काढा. दुहेरी दोरीची एक सैल साधी गाठ मारा, हूक खाली लोंबता ठेवून. आता फास पुरेसा मोठा करून अख्खा हूक त्यातून पलीकडे काढा. गाठ थुंकीने ओली करा आणि दोन्ही दोऱ्या एकत्र ओढून घट्ट करा. कोरडी गाठ ओढली तर घर्षणाने दोरी तिथेच कमजोर होते आणि तुटायची ती नेमकी मोठ्या माशालाच.

आता गांडूळ. डोक्याच्या बरोबर मध्ये हुकाचं टोक खुपसा, पाव इंच आत न्या आणि खालच्या बाजूने बाहेर काढा. परकरात नाडी ओवावी तसं डोकं हुकावरून वर सरकवत झेड वळणापर्यंत आणा. हूक अर्धा फिरवा, म्हणजे टोक गांडुळाच्या अंगाकडे वळेल आणि डोकं वळणात घट्ट बसेल. डोळा प्लॅस्टिकच्या आत किंवा अगदी कडेला असावा.

पुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. दोरी धरून गांडूळ मोकळं लोंबू द्या. हुकाची कमान गांडुळाच्या अंगावर कुठे टेकते ते बघा आणि तिथे नखाने खूण करा. गांडूळ किंचित वर दाबून त्या खुणेतून हुकाचं टोक सरळ आरपार काढा. सोडलं की गांडूळ हुकावर सरळ बसलं पाहिजे. पोटात फुगवटा आला असेल तर टोक फार खाली खुपसलंय, ताणलेलं दिसत असेल तर फार वर. दोन्ही वेळा काढून परत लावा. वाकडं गांडूळ ओढताना पाण्यात गरगरतं, दोरीला पीळ पडतो आणि मासा बघून तोंड फिरवतो. शेवटी, बाहेर आलेलं टोक गांडुळाच्या कातडीत अगदी जेमतेम परत टोचा. बोट फिरवलं तर टोचू नये, पण दाबलं की टोक लगेच उघडं पडावं. आता हे गांडूळ गवतातून, फांद्यांतून न अडकता निघतं.

वजन दोरीवर मोकळं सरकू द्यावं की हुकाला चिकटून ठेवावं? मोकळ्या पाण्यात सरकू द्या, गांडूळ मागे हळू तरंगत उतरतं. दाट गवतात मात्र वजन एका बाजूला आणि गांडूळ दुसऱ्या बाजूला असं होतं, तेव्हा वरून रबरी स्टॉपर लावा किंवा टूथपिक खुपसून मोडा.

टाकणं, थांबणं, ओढणं

आडोशाच्या थोडं पलीकडे टाका, थेट डोक्यावर नाही. गांडूळ पाण्यात पडलं की लगेच दोरी ताणू नका. दोरी किंचित ढिली असेल तर ते सरळ खाली उतरतं, ताणलेली असेल तर झोक्यासारखं तुमच्याकडे येतं आणि आडोशापासून दूर पडतं. बहुतेक नवखे लोक या उतरण्याच्या काळात रीलकडे किंवा फोनकडे बघत असतात, आणि बास तर बरेचदा तेव्हाच घेतो. म्हणून नजर दोरीवर, ती पाण्यात शिरते त्या जागी. उतरता उतरता दोरी मध्येच थांबली, बाजूला सरकली किंवा थरथरली, तर तो मासा.

तळाला टेकलं की दोरी सैल पडते. मनात दहापर्यंत मोजा. खरंच मोजा, कारण गांडूळ स्थिर पडलेलं असणं हाही आमिषाचाच भाग आहे. मग रॉड घड्याळातल्या नऊच्या जागेवरून हळूच अकरापर्यंत उचला. गांडूळ तळावरून फूटभर सरकेल. रॉड खाली आणता आणता सैल दोरी रीलमध्ये गुंडाळा. पुन्हा थांबा. गांडूळ हलवायचं ते रॉडने, रीलने नाही. रील फक्त ढिली दोरी आवरायला. रील फिरवत राहिलात तर वेग आपोआप वाढतो आणि गांडूळ तळ सोडतं.

या सगळ्यात हाताला तळ वाचायची सवय लागते. दगडावर टकटक येते, चिखलात ओढल्यासारखं जड लागतं, गवतात लवचीक ओढ लागून सुटते, लाकडावर गांडूळ घासत चढतं आणि पलीकडे टपकन पडतं. लाकडावरून पडण्याच्या त्या क्षणाला तयार राहा.

माशाचं लागणं मात्र प्रत्येक वेळी वेगळं. कधी दोरीवर बोटाने टिचकी मारावी तशी स्पष्ट टक. कधी फक्त एक मऊसर जडपणा, ओला फडका अडकल्यासारखा. कधी काहीच नाही, पण दोरी हळूहळू बाजूला चाललेली. आणि कधी उलट, वजनच नाहीसं होतं, कारण मासा गांडूळ घेऊन तुमच्याकडे येतोय. संशय आला तरी झटका मारा. झटक्याला पैसे पडत नाहीत.

झटका असा: आधी रॉड माशाकडे खाली झुकवा आणि सैल दोरी पटकन गुंडाळा. दोरी ताठ झाली की रॉड जोरात वर किंवा बाजूला खेचा. सैल दोरीवर मारलेला झटका हुकापर्यंत पोचतच नाही. जुनी माणसं मासा गांडूळ नीट गिळेपर्यंत थांबायला सांगतात. ऐकू नका. थांबलात तर एक तर तो थुंकेल, नाही तर हूक घशात जाईल आणि सोडूनही मासा मरेल. मासा लागल्यावर दोरी ताठ ठेवा. तो उडी मारायला वर आला तर रॉडचं टोक पाण्याकडे झुकवा, म्हणजे हवेत डोकं झटकून त्याला हूक सहज काढता येत नाही.

कुठे आणि केव्हा

तळ्याभोवती एक फेरी आधी रिकाम्या हाताने मारा. पाणी आत येण्याचा पाइप, बांधाचे कोपरे, पाण्यावर ओणवलेलं झाड, गवताची कड. मग काठाला समांतर टाका. नवखे लोक नेहमी तळ्याच्या मध्यभागी जेवढं लांब जाईल तेवढं टाकतात, आणि मासे मात्र त्यांच्या पायापासून दहा फुटांवर काठाला लागून असतात. पावलं हळू टाका. आणि खाली बघून चाला: टेक्सासमध्ये तळ्याकाठी आगमुंग्यांची वारुळं असतात, त्यांवर चपलेने उभं राहिलात तर मासेमारी तिथेच संपते. पूर्वेकडच्या तलावांवर कॉटनमाउथ साप असतो, तिथे बूट घाला.

उत्तर टेक्सासमध्ये मार्च-एप्रिलमध्ये पाणी ६० अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की बास अंडी घालायला उथळ पाण्यात येतो. काठावरून गरवणाऱ्याला वर्षातला हा सगळ्यात सोपा काळ. पण घरट्यावर राखण करणारा नर स्वच्छ दिसत असेल तर त्याला सोडून द्या. तो उचलला की सनफिश येऊन अंडी फस्त करतात. जून ते सप्टेंबर उन्हाचा तडाखा असतो, तेव्हा पहाट किंवा दिवेलागणीनंतर. मोठ्या तलावांवर याच काळात लोक रात्री दहा इंची गांडूळ घेऊन उतरतात. थंडीत मासा असतो, पण सुस्त. थांबण्याचा वेळ दुप्पट करा.

मासा हातात आल्यावर

बासला टोकदार सुळे नसतात, दात खरकागदासारखे. हात ओला करा, अंगठा खालच्या ओठात आणि तर्जनी बाहेरून. लहान मासा असा उभा धरता येतो. मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली घ्या, आडवा धरून नुसत्या जबड्यावर भार टाकू नका, जबडा निखळतो. फोटो पटकन, मग पाण्यात. हूक खोल गेला असेल आणि पकडीने सहज निघत नसेल तर ओढाताण न करता दोरी जवळून कापा.

खायचं म्हणाल, तर बास खाल्ला जातो, मांस पांढरं आणि सौम्य असतं. पण कॅडो लेकसारख्या काही तलावांतल्या बासमध्ये पारा जास्त असल्याचे सरकारी इशारे आहेत, ते आधी पाहा. सोसायटीच्या तळ्यातला मासा तर खाऊच नये. लॉनवर फवारलेलं सगळं तिथेच वाहून येतं. घरी रस्साच करायचा असेल तर नेबरहुड फिशिन नावाच्या सरकारी योजनेतल्या शहरी तळ्यांवर जा. तिथे उन्हाळ्यात कॅटफिश सोडतात आणि तो आपल्या मसाल्याला बासपेक्षा जास्त उभा राहतो.

पुढची पायरी

टेक्सास रिग हाताला बसली की दुसरी म्हणून वॅकी शिका. पाच इंची सेन्को घ्यायचं, हे गॅरी यामामोतोच्या कंपनीचं मीठ भरलेलं जाडसर सरळ गांडूळ. त्याला बरोबर मध्यावर १/० चा हूक लावायचा, वजन नाही. उतरताना दोन्ही टोकं आपोआप थरथरतात, तुम्ही काहीच करायचं नसतं. मध्यावर लहान रबरी ओ-रिंग चढवून हूक तिच्याखाली घाला, नाही तर प्रत्येक माशामागे एक गांडूळ फाटतं आणि ही गांडुळं स्वस्त नाहीत. उघडा हूक असल्यामुळे फांद्यांत मात्र वॅकी नको. कॅरोलायना रिग, ड्रॉप शॉट हे प्रकार बोट आणि खोल पाणी मिळालं की बघता येतील.

सुट्टीवर गावी जाताना पाकीट बॅगेत टाकलं तरी हरकत नाही. आपल्याकडे बास नाही, पण रायगडच्या खाड्यांमध्ये जिताडा रबरी आमिषाला धावतो. त्याला मात्र गांडुळापेक्षा शेपटी हलवणारी रबरी मासळी जास्त चालते, आणि लीडर बराच जाड लागतो. त्याच्या गालाच्या हाडाची कड दोरी कापते.

फाटलेलं गांडूळ पाण्यात फेकू नका. मासे ते गिळतात, पोटात ते फुगतं आणि पचत नाही. फक्त डोकं फाटलं असेल तर अर्धा इंच कापून टाका आणि उरलेलं परत लावा, आखूड गांडुळालाही मासा लागतो. साठवताना प्रत्येक रंग आपल्या मूळ पाकिटातच ठेवा, नाही तर जूनबगचा जांभळा रंग सगळ्यांना लागतो. झीमॅनची ताणणारी गांडुळं वेगळ्याच प्लॅस्टिकची असतात, ती इतरांच्या डब्यात ठेवली तर दोन्ही वितळून त्यांचा गोळा होतो. आणि डॅलसच्या उन्हाळ्यात पाकिटं गाडीत विसरू नका. गरमीने गांडुळं दुमडलेल्या आकारात वाकतात. वाकलीच तर चिमट्याने धरून उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवा, सपाट ताटात सरळ ठेवा आणि गार होऊ द्या. मात्र त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं घेऊ नका.